ताटातल्या शब्दांचे धनी

भोर आणि वेल्हे तालुक्यांत घरोघरी रोज जे शिजते त्याची यादी लांबलचक नाही. घाटमाथ्याकडच्या पश्चिम भागात भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, डाळीची आमटी आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी अशी एखादी रानभाजी. पुणे-सातारा रस्त्याकडच्या पूर्व भागात ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, हुलग्याचे किंवा मटकीचे कालवण. आणि दोन्हीकडे ठेचा, लोणचे, ताक, कढी. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने कमी होतो, तशी भाकरीही बदलते. या साध्या ताटातल्या नावांकडे सहसा कुणी थांबून पाहत नाही. पदार्थांच्या नावांच्या गोष्टी सांगायच्या तर त्या राजेरजवाड्यांच्या, दरबारी खानसाम्यांच्या किंवा एखाद्या प्रसिद्ध हलवायाच्या सांगायच्या, अशी आपली सवय आहे. रोजच्या ताटातले एकेक नाव तपासले की मात्र वेगळेच हात दिसू लागतात. यातली बहुतेक नावे दळणाऱ्या, कांडणाऱ्या, रांधणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसांनी घडवली आहेत, आणि ती घडवताना त्यांनी मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या: पदार्थ कसा केला, त्याची चव काय आणि तो कशासाठी लागतो. याचा पुरावा नावांतच साठवलेला आहे.

आधी कामाची नावे पाहू. ठेचला तो ठेचा, चाटायची ती चटणी, कालवून खायचे ते कालवण, भाजून केलेली ती भाजणी, ही नावे उलगडायला कोणताही कोश लागत नाही. थोडे खोल गेले की इतर नावेही त्याच जातीची निघतात. 'पिठले' पिठावरून आले आणि 'पीठ' संस्कृत 'पिष्ट' या शब्दावरून. पिष्ट म्हणजे दळलेले, वाटलेले. 'कढी'च्या मुळाशी 'क्वथ्' म्हणजे उकळणे हा धातू आहे, तोच जो 'कढणे' आणि 'काढा' या शब्दांत आहे. 'डाळ' म्हणजे दुभंगलेला दाणा. 'दल्' म्हणजे फुटणे, आणि 'दळणे' हे क्रियापदही त्याच घरचे. पुरणपोळीतले 'पुरण' म्हणजे भरण्याची वस्तू. ज्या दगडी साधनावर हे सारे दळले जाई ते 'जाते' मूळच्या 'यंत्र' शब्दाचे झिजलेले रूप आहे. म्हणजे आपले ताट वरवर नामांनी भरलेले दिसले तरी त्याच्या पोटात क्रियापदे आहेत. दळणे, भरडणे, कढवणे, ठेचणे ही कामे ज्यांच्या अंगवळणी पडली होती त्यांनाच अशी नावे सुचतात. ताट समोर आल्यावर जेवायला बसणारा चवीचे किंवा रूपाचे वर्णन करील. पदार्थ झाला कसा हे नावात घालण्याची गरज ज्याने तो केला त्याला वाटते.

उपयोगावरून पडलेल्या नावांत पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतला 'कोरड्यास' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. भाकरी कोरडी असते. ती घशाखाली उतरायला सोबत काहीतरी ओले लागते. म्हणून 'कोरड्यास काय केलंय?' असे विचारले जाते आणि विभक्तीचा प्रत्यय पोटात घेतलेला हा शब्दच पुढे नामासारखा वापरला जातो. त्यात पदार्थ कोणता हे ठरलेले नसते. घरात हुलगे असतील तर हुलग्याचे, मटकी असेल तर मटकीचे, काहीच नसेल तर पीठ पाण्यात कालवून केलेले पिठले. ताटाचा मूळ आधार भाकरी आहे आणि बाकी सारे तिच्या सोयीसाठी आहे, ही या भागातल्या जेवणाची रचना एका शब्दात सांगितली गेली आहे. भाताच्या प्रदेशातही तसेच आहे. खाचरात उभे पीकही 'भात' आणि शिजून ताटात आलेले अन्नही 'भात'. मधल्या अवस्थेला, म्हणजे कांडून साल काढलेल्या दाण्याला, 'तांदूळ'. संस्कृतातला 'तण्डुल' हा शब्दही कांडून साफ केलेल्या दाण्यासाठीच होता. म्हणूनच वरीचा आणि भाताचा वनस्पती म्हणून निराळा वंश असला तरी 'वरीचे तांदूळ' म्हणताना कुणी अडखळत नाही. वरीही कांडून, साल काढून, भातासारखी शिजवली जाते. नाव कृतीला धरून चालते.

तिसरा धागा चवीचा. 'आमटी' म्हणजे आंबट पदार्थ. अम्ल, आंबट, आमटी अशी ही वाट आहे. चिंच किंवा आमसूल पडल्याशिवाय ती आमटी होत नाही, हे तिच्या नावानेच बजावले आहे. नाचणीच्या पिठाची 'आंबील' त्याच कुळातली, प्राकृत 'अंबिल'पासून आलेली. मिरचीच्या पुडीला आपण नुसते 'तिखट' म्हणतो. चवीचे विशेषण वस्तूचे नाव होऊन बसले. सर्वांत आश्चर्यकारक प्रवास 'मीठ' या शब्दाचा. त्याच्या मुळाशी 'मृष्ट' किंवा 'मिष्ट' म्हणजे चविष्ट, गोड असा अर्थ आहे. हिंदीत त्यापासून 'मीठा' म्हणजे गोड झाले, मराठीत मात्र त्याच शब्दाचा अर्थ खारट वस्तू असा झाला. गुजरातीत 'मीठुं' आजही दोन्ही अर्थांनी वापरतात. हा उलटा प्रवास रांधणाऱ्याच्या बाजूने पाहिला की समजतो. अन्नाला चव आणणारी वस्तू कोणती, या प्रश्नाचे चुलीपाशी मिळणारे उत्तर 'मीठ' हेच आहे. जुना 'लवण' शब्द गेला नाही, तो कोपऱ्यात टिकून राहिला: 'लोणचे' या नावात आणि मीठ नसलेल्या जेवणाला आपण म्हणतो त्या 'अळणी' या शब्दात. अलवण, म्हणजे अळणी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही सगळी व्युत्पत्ती शेवटी संस्कृतात जाऊन पोचते. मग हे शब्द पंडितांच्या भाषेतून खाली उतरले, सामान्यांनी घडवले असे कसे म्हणायचे? याचे उत्तर शब्दांच्या झिजेत आहे. पोथीतून उचललेला शब्द आपले रूप सांभाळून राहतो. तोंडोतोंडी चाललेला शब्द झिजतो, आणि तो ठरावीक वळणांनीच झिजतो. 'भक्त' या शब्दाचा मूळ अर्थ वाटणी, वाट्याला आलेला भाग. त्यावरून अन्न, शिजवलेला भात. भक्त, भत्त, भात अशी ही पायऱ्यापायऱ्यांची उतरण शेकडो वर्षे बोलणाऱ्यांनी घडवली आहे. 'पृथुक'चे पोहे, 'नवनीत'चे लोणी, 'पर्पट'चा पापड, 'वटक'चा वडा, 'तक्र'चे ताक ही त्याचीच उदाहरणे. 'शिखरिणी' या प्राचीन गोड दुधी पदार्थाच्या नावातून 'शिकरण' उरले. एकाच घरात दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी पाहायचे असतील तर लग्नातला विधी पाहावा. भटजी 'लाजाहोम' म्हणतात, आणि त्यासाठी सुपात जे आणून ठेवलेले असते त्याला घरातल्या बायका 'लाह्या' म्हणतात. वस्तू एक, मूळ शब्द एक. मंत्रातला तसाच राहिला, स्वयंपाकघरातला वापरून वापरून बदलला. रोजच्या ताटातली नावे या दुसऱ्या वाटेने आली आहेत. शिवाय सगळीच नावे संस्कृतात जात नाहीत. 'तूप' हा शब्द 'घृत'पासून आलेला नाही. महाराष्ट्री प्राकृतात 'तुप्प' होता आणि कन्नडात आजही 'तुप्प' आहे. घृत हा प्रतिष्ठित शब्द यज्ञात आणि वैद्यकात राहिला. भातावर मात्र दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी सामायिक असलेला शब्द वाढला गेला. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ मध्ये आला, त्याआधी १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला होता. असे ग्रंथ चाळताना दिसते की स्वयंपाकघरातले शब्द हा मराठीचा फार जुना आणि खूप हाताळलेला थर आहे.

दुसरा आक्षेप लोकप्रिय कथांच्या बाजूने येतो, आणि या भागात तो जिव्हाळ्याचा आहे. 'सांबार' हे नाव संभाजी महाराजांवरून पडले अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्या तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजी महाराजांचे नाव त्या पदार्थाला दिले, असा तिचा सारांश. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये शेजारच्या पुरंदर किल्ल्यावर झाला. त्यांना दूध पाजणाऱ्या धाराऊ भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या. तेव्हा ही गोष्ट इथल्या माणसाला आपली वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो आपलेपणा खोटा नाही. पण नावाची गोष्ट खरी की नंतर जोडलेली हे ठरवायला काही कसोट्या लावाव्या लागतात. तो शब्द इतरत्र, त्या गोष्टीशी संबंध नसलेल्या ठिकाणी सापडतो का? त्याचा अर्थ गोष्टीशिवाय लागतो का? 'संभार' म्हणजे जमवलेली सामग्री. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. केरळात मसाला घातलेल्या ताकाला 'संभारम्' म्हणतात. गुजरातेत 'संभारो' ही तोंडी लावायची भाजी आहे. इतक्या दूरदूरच्या स्वयंपाकघरांत हा शब्द मसाला किंवा मसालेदार वस्तू या अर्थाने नांदतो, आणि यांतल्या कशाचाही तंजावरच्या मेजवानीशी संबंध नाही. सर्वांना एकत्र बांधणारा अर्थ एकच: चवीसाठी जमवून घातलेली सामग्री. म्हणजे हेही नाव मूळचे कृतीचेच. तंजावरच्या मराठी राज्यामुळे दोन प्रदेशांच्या पाककृती एकमेकींत मिसळल्या, हे ऐतिहासिक सत्य त्यामुळे कमी होत नाही. एका थोर पुरुषाचे मोठेपण सिद्ध करायला आमटीच्या नावाची गरज नाही, आणि ज्या अनामिक हातांनी तो शब्द घडवला त्यांचे श्रेय मात्र अशा गोष्टीने नकळत पुसले जाते. म्हणून ही कसोटी लावणे मला आवश्यक वाटते.

परदेशातून आलेल्या वस्तूंनी या म्हणण्याची अधिक कठोर परीक्षा होते, कारण त्या वस्तूंना स्वतःचे जुने संस्कृत नाव नसते. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती जगाला कळली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिच्यासाठी नवे नाव आणले गेले नाही. मिऱ्याला संस्कृतात 'मरीच' म्हणत, त्यावरूनच 'मिरची' झाले. तिखटपणा आणण्याची जागा आधी मिऱ्याची होती, ती मिरचीने घेतली आणि नावही घेतले. युरोपातही हेच घडले. इंग्रजीत मिरे आणि मिरची दोघांनाही 'पेपर' म्हणतात. रताळेही अमेरिकेतलेच, पण त्याला 'रक्तालु' या लाल कंदाच्या जुन्या नावावरून 'रताळे' म्हटले गेले. याउलट बटाटा आपले नाव घेऊन आला. पोर्तुगीज 'बताता' हा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा शब्द, आणि तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. हिंदीने याच कंदाला 'आलू' हे जुने नाव दिले, मराठीने परके नाव पत्करले. या उदाहरणांवरून एक ढोबळ सूत्र मांडता येते: नवी वस्तू चुलीवर ज्या जुन्या वस्तूची जागा घेते तिचे नाव तिला मिळण्याची शक्यता मोठी असते, तशी जागा नेमकी ठरली नाही तर परके नावही रुजते. भुईमुगाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या निरीक्षणाने तिसराच मार्ग काढला. शेंग मुगासारखी दाणे धरते पण मातीच्या पोटात पिकते. म्हणून भुईतला मूग. नाव कुणी विद्वानाने दिलेले नसले तरी त्यात वनस्पतिशास्त्राची जाण आहे, कारण भुईमूग खरोखरच कडधान्यांच्या कुळातला आहे.

साबुदाण्याचे नाव तर दोन खंड जोडते. 'सागू' हा मलय भाषेतला शब्द. तिकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातल्या पिठाचे ते नाव. आज आपल्याकडे खिचडीसाठी येणारा साबुदाणा ब्राझीलकडून आलेल्या टॅपिओकाच्या कंदापासून बनतो आणि त्याचा मोठा उद्योग तमिळनाडूतल्या सेलम भागात आहे. एकादशीच्या ताटात त्याच्या शेजारी असते ती वरी, जी डोंगरउतारावर पिढ्यान्पिढ्या पेरली गेली. उपासाला धान्य वर्ज्य असल्याने वरीला धान्याच्या यादीतून वगळले गेले आणि तरीही तिला 'तांदूळ' म्हटले गेले. नाचणी अशीच मुळात दूरची, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातली. पण ती इतक्या प्राचीन काळी इथे आली की इथलीच झाली. तिच्या शास्त्रीय नावातला 'कोराकाना' हा भाग सिंहली 'कुरक्कन' या लोकभाषेतल्या नावावरून घेतलेला आहे. लॅटिन नाव ठेवणाऱ्या युरोपीय पंडितांनासुद्धा शेवटी शेतकऱ्यांच्या शब्दाचा आधार घ्यावा लागला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. वरून दिलेली नावे रुजतच नाहीत असे म्हणता येईल का? तसे म्हणता येणार नाही. 'इंद्रायणी' तांदूळ हे त्याचे ठळक उदाहरण. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने 'आंबेमोहोर १५७' आणि 'आयआर ८' या वाणांच्या संकरातून तो तयार केला आणि १९८७ मध्ये प्रसारित केला. नाव नदीचे, दिलेले संस्थेने. तरी आज भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आणि पुण्याच्या दुकानांत ते सहज बोलले जाते. पण त्याच्या जुन्या जनकाकडे पाहा. 'आंबेमोहोर' हे नाव कोणत्याही समितीने ठरवलेले नाही. शिजताना त्याला आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो, एवढेच ते सांगते, आणि ऐकणाऱ्याला तांदूळ न पाहताही तो कसा असेल हे कळते. 'इंद्रायणी' ऐकून तांदळाविषयी काही कळत नाही. ते एका वाणाची ओळख पटवते, त्याचे वर्णन करत नाही. दोन्ही प्रकारच्या नावांचा हा फरक आहे, आणि तो याच तालुक्यांत जेवणाबाहेरही दिसतो. वेळवंडी नदीवरच्या धरणाला ब्रिटिश काळात मुंबईच्या गव्हर्नरांवरून 'लॉइड धरण' हे नाव दिले गेले, लोकांच्या तोंडी 'भाटघर' राहिले. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. तो अभिमानाचा विषय आहे आणि शासकीय निर्णयाने ते होऊ शकते. वाणाला, धरणाला, तालुक्याला असे नाव देता येते, कारण त्यांची नोंद कागदावर असते. आमटीची, कालवणाची, कोरड्यासाची नोंद कुठल्या दफ्तरात नाही. दररोज कुणीतरी तो पदार्थ करते आणि त्याचे नाव घेते, एवढाच त्या नावाचा आधार आहे.

याच कारणाने ही नावे बळकट असूनही नाजूक आहेत. पदार्थ करणे थांबले की शब्द थांबतो. डोंगरउतारावरची वरी आणि नाचणी मागे पडते, जमिनी विकल्या जातात, पूर्व पट्ट्यात हुलगा कमी पेरला जातो, आणि त्यांच्याबरोबर माडगे, आंबील असे पदार्थ बोलण्यातून निघून जातात. रानभाज्यांचे तर आणखी अवघड. फोडशी, चाई, भारंगी, कुर्डू यांची ओळख, कोणती कोवळी असतानाच खुडायची आणि कोणती आधी उकडून पाणी टाकून द्यायची, हे ज्ञान नावाबरोबरच पुढच्या पिढीला मिळते. नाव विसरले की ती वनस्पती डोळ्यांसमोर असूनही गवत होते. हा ठेवा बायकांच्या बोलण्यात किती भरलेला असतो, याचा दाखला पुणे जिल्ह्याच्याच डोंगरी भागात मिळाला आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या परिसरातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले, तरी या ओव्या वाचल्या, कारण कुणीतरी त्या वेळीच उतरवून घेतल्या.

पदार्थांच्या नावांसाठीही असे काम करता येईल, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवह्यांचा पाया घातला. या वहीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि स्थानिक नाव लिहिले जाते. त्याच ओळीत आणखी तीन रकाने वाढवावेत: त्यापासून कोणता पदार्थ होतो, तो कसा करतात, आणि गावातल्या वेगवेगळ्या समाजांत, महादेव कोळी, कातकरी, धनगर, मराठा अशा घरांत, त्याला काय म्हणतात. ग्रामपंचायतीने हे काम गावातल्या वयस्क स्त्रियांच्या सोबतीने करावे, आणि माहिती देणारीची संमती असेल तर तिचे नाव नोंदीखाली लिहावे. या शब्दांच्या घडणीत आजवर कुणाचेही नाव कुठे लिहिले गेले नाही. निदान ते जपणाऱ्यांची नोंद तरी गावाच्या वहीत असायला हवी, कारण तांदूळ कोणत्या नावाने विकावा हे बाजार ठरवील, पण त्याच्या शेजारी वाढल्या जाणाऱ्या आमटीला, कालवणाला आणि रानभाजीला नाव देण्याचा आणि ते पुढे नेण्याचा हक्क रांधणाऱ्यांचाच आहे.